श्वास मशीनने घ्यायचा की पेशंटने?

व्हेंटिलेटर दोन तऱ्हांनी चालवता येतो. एकीत सगळे श्वास मशीनच देतं, पेशंट गाढ गुंगीत. दुसरीत श्वासाची सुरुवात पेशंट करतो, मशीन वरून जोर लावतं.

फुफ्फुसं फार बिघडलेली असतील तर पहिलीवाचून इलाज नाही. पण तिची किंमत श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, मोजतं, आणि फार झपाट्याने. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 18 ते 69 तास श्वासपटल पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या मेंदूमृत अवयवदात्यांचे स्नायुतंतू इतरांच्या तुलनेत निम्म्याहून बारीक झालेले आढळले. प्लास्टर काढल्यावर पाय वाळलेला दिसतो ना, तसंच; फक्त इथे आठवडे लागत नाहीत.

म्हणून जमेल तितक्या लवकर दुसऱ्या तऱ्हेकडे वळावं, असं मला ठामपणे वाटतं. तीही डोळे मिटून नको. मदत जास्त झाली की स्नायू पुन्हा झिजतो. कमी पडली की दमतो, त्याला इजाही होते. मानेचे स्नायू ताणलेले, नाकपुड्या फुललेल्या, श्वास भरभर, म्हणजे मदत अपुरी पडतेय. गुंगीचं औषध रोज उतरवून पाहणं आणि श्वास घेताना श्वासपटल किती जाड होतं ते सोनोग्राफीत बघणं, यातून मदतीचं माप सापडतं.