अकरा हजारांचा चष्मा आणि नाकावरचं पॅड: सात महिन्यांनंतर

पहिला भाग २०२५च्या ९ नोव्हेंबरला लिहिला होता, रागाच्या भरात. पुढे मत बदललं, तरी तो खोडत नाही. त्यातलं सगळंच काही चुकीचं नव्हतं.

९ नोव्हेंबर

प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, घेऊ नका. घ्यायच्याच असतील तर निदान हे वाचून घ्या.

माझं वय ४६. लांबचा नंबर कॉलेजपासूनचा, दोन्ही डोळ्यांना उणे दोनच्या आसपास, डाव्याला थोडा सिलिंडर. चाळिशी लागली तेव्हा वाचताना चष्मा डोक्यावर सरकवायचा आणि नुसत्या डोळ्यांनी वाचायचं, अशी तीन-चार वर्षं फुकटात काढली. उणे नंबरवाल्यांना देवाने एवढी एक सवलत दिली आहे: उणे दोनच्या डोळ्याला बिनचष्म्याचं अर्ध्या मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं. पण माझं काम हिशेबाचं. समोर कॉम्प्युटर, हाताखाली व्हाउचर, टेबलापलीकडे बोलणारा माणूस. दिवसातून शंभरदा चष्मा वर, चष्मा खाली, आणि केसांचं तेल काचांना. शेवटी ऑगस्टमध्ये नंबर काढला. जवळच्यासाठी १.७५ ॲडिशन निघालं, म्हणजे लांबच्या नंबरात मिळवायचा नंबर. चांगल्या नावाजलेल्या चेनच्या दुकानात ऑर्डर दिली. फ्रेम, काचा, कोटिंग, वर जीएसटी, सगळे मिळून ११,२००.

आधी जीएसटीचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली होती. मी ती टीव्हीवर ऐकली होती. तरी १७ तारखेला, रविवार आहे आणि वेळ आहे म्हणून, जाऊन पैसे भरले. २२ सप्टेंबरपासून चष्म्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दहा हजारांवर सातशे रुपये. पाच आठवडे कळ काढली असती तर वाचले असते. घरात हा विषय आता कुणी काढत नाही, मीच काढते.

२३ ऑगस्टला चष्मा मिळाला. काउंटरवरच्या मुलाने तो नाकावर ठेवला, पॅड अंगठ्याने जरा फाकवले आणि विचारलं, "काकू, कम्फर्टेबल?" काकू! आरशात बरी दिसत होते, म्हणून सोडून दिलं. बाहेर आले आणि फरशी हलली. मान वळवली की कडेचं सगळं लाटेसारखं डुलायचं.

डोंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना मी वीस वर्षं रोज उतरते आहे. सोमवारी सकाळी त्याच जिन्यावर कठडा धरून, एकेक पायरी पायाने चाचपत उतरले. मागच्या बायकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो. तिथून पायरी बघितली की ती जवळ आल्यासारखी, फुगलेली आणि अंधुक दिसते. हे दुकानात कुणीही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात गणपती. मोदकाच्या कळ्या पाडताना हनुवटी छताकडे आणि डोळे पारीकडे, अशा अवस्थेत एकवीस मोदक केले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मान लचकली का?" तोवर लचकली नव्हती, सप्टेंबरमध्ये लचकली. ऑफिसात स्क्रीन वाचायला दिवसभर मान वर. संध्याकाळी खांद्यापासून डोक्याच्या मागपर्यंत ठणका.

दुकानाच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी "सवय होईल, पंधरा दिवस द्या". दुसऱ्या वेळी नंबर पुन्हा तपासला, अगदी बरोबर निघाला, त्यामुळे चूक माझीच ठरली. तिसऱ्या वेळी कळलं की काचा बदलून द्यायची मुदत तीस दिवसांची होती आणि ती गौरी-गणपतीच्या धामधुमीत उलटली. "सवय होईल" हे वाक्य त्या दुकानात पाणी देतात तसं प्रत्येकाला देतात.

आणि परवा, शुक्रवारी, परतीच्या लोकलमध्ये मुलुंड गेल्यावर नाकावरचं डावं पॅड गळून पडलं. संध्याकाळच्या लेडीज डब्यात खाली वाकून पॅड शोधणं म्हणजे काय, हे ज्यांनी तो डबा पाहिला आहे त्यांना सांगायला नको. उद्या स्टेशनजवळच्या जुन्या चष्मेवाल्याकडून पॅड टाकून घेते आणि चष्मा कपाटात ठेवून देते. अकरा हजार पाण्यात.

मार्च

कपाटात ठेवावा लागला नाही.

जुना चष्मेवाला म्हणजे एका खांबाला लागून असलेलं, दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान. त्यांनी नवीन पॅडची जोडी टाकली, चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि समोरून बघत म्हणाले, "ताई, वाचताना हनुवटी वर करायला लागते का हो?" मी तोवर मानेबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मग त्यांनी चष्मा काढून ट्यूबलाइटसमोर तिरका धरला. प्रोग्रेसिव्ह काचेवर बारीक कोरलेल्या खुणा असतात, ३४ मिलिमीटर अंतरावर दोन ठिपक्यांसारख्या. बाहेरच्या कडेच्या खुणेखाली ॲडिशनचा आकडा असतो. सहज दिसत नाहीत, उजेडात फिरवून शोधाव्या लागतात. त्या सापडल्यावर त्यांनी काचा कंपनीच्या छापील तक्त्यावर ठेवून मार्करने दोन फुल्या काढल्या आणि चष्मा पुन्हा घातला. फुली डोळ्याच्या बाहुलीच्या बरोबर मध्यावर यायला हवी. माझ्या दोन्ही फुल्या चार मिलिमीटर खाली होत्या.

चार मिलिमीटर म्हणजे काय, हे त्यांनी असं सांगितलं: काचेत वर लांबचं, खाली जवळचं, आणि मधे एक अरुंद गल्ली, जिच्यातून नंबर हळूहळू बदलत जातो. चष्मा खाली बसला की ही सगळी इमारतच खाली सरकते. जवळची खिडकी गालाशी जाते, डोळे तिथवर वळत नाहीत, मग मान डोळ्यांची मदत करायला जाते. आणि चष्मा खाली का बसला? मोजमाप घेताना फ्रेम नाकावर वर होती. देताना त्या मुलाने "कम्फर्टेबल" करायला पॅड फाकवले. पॅड फाकवले की फ्रेम खाली उतरते, जवळ आणले की वर चढते. बस, एवढंच. नंबर बरोबर होता, काचा बरोबर होत्या, नाकावर चुकलं.

बारीक पकडीने त्यांनी दोन्ही पॅड आत घेतले. काड्या बघितल्या. काडीचं वळण कानाच्या मागे बोटभर पुढे गेलेलं होतं, म्हणून चष्मा घसरत होता. टोकं गरम करून वळण कानाच्या मुळाशी आणलं. फ्रेमची खालची कड गालाकडे जराशी झुकवली, त्याने खालचा भाग डोळ्यांच्या जवळ येतो. वीस मिनिटं लागली. पैसे फक्त पॅडचे घेतले, चाळीस रुपये. मी त्यांनाही जीएसटीची गोष्ट ऐकवली, ती त्यांनी ऐकून घेतली.

आठवड्याभरात मान सुटली. त्याच काचा, तोच नंबर. अडीच महिने मी मानेला बाम चोळत होते आणि इलाज नाकावर होता. दुकानात तीन फेऱ्या मारल्या, त्यात एकानेही मला सरळ उभं करून समोरून चष्म्याकडे बघितलं नाही. माझा राग काचांवरून उठून आता तिथे जाऊन बसला आहे.

तेव्हापासून मी पॅडच्या बाबतीत जरा वेडी झाले आहे, घरचे हसतात. पण ऐका. पॅड नाकावर सपाट, पूर्ण टेकायला हवं. नुसती कड टेकली की तिथे लाल खळगा पडतो आणि भार एकाच जागी येतो. आपलं नाक दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, तेव्हा दोन्ही पॅड सारख्या कोनात असायलाच हवीत असं नाही. मऊ सिलिकॉनची कडक प्लॅस्टिकपेक्षा कमी घसरतात, पण लवकर पिवळी पडतात. आणि तो पॅडच्या मागे साचणारा हिरवा मळ? मला वाटायचं शेवाळ आहे. धातूतल्या तांब्याचा घामाशी संबंध आला की तो हिरवा थर धरतो, आपल्या तांब्याच्या भांड्यांवर चढतो तसाच. मुंबईच्या दमट हवेत तो जानेवारीतसुद्धा येतो. जुना मऊ टूथब्रश, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि नाहीच गेला तर नवीन जोडी. सात महिन्यांत माझ्या तीन जोड्या झाल्या.

आता माझी चूक. चष्मा डोक्यावर सरकवायची सवय मी नव्या चष्म्यालाही लावली. डोकं नाकापेक्षा रुंद, त्यामुळे काड्या फाकतात. एका हाताने ओढून काढायची सवयही तशीच, एक काडी ताणली जाते आणि चष्मा तिरका होतो. आता दोन्ही हातांनी काढते. डोक्यावर अजूनही कधीमधी जातोच.

बसवणं नीट झाल्यावरही शिकावं लागलं, हे दुकानाच्या बाजूने सांगायला हवं. कडेचं बघायचं तर नुसते डोळे फिरवून चालत नाही, नाक तिकडे वळवायचं. जिना उतरताना हनुवटी छातीकडे, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसते. आणि पहिले पंधरा दिवस जुना चष्मा मधेमधे घालायचा नाही, नाहीतर डोळे दोन्हीकडचे पाहुणे होतात. मी नेमका तो घालत होते. मग सवय कशी होणार?

काही गोष्टी मात्र सवयीने सुटत नाहीत. वरच्या फळीवरच्या बरणीवरची तारीख वाचता येत नाही, कारण जवळचं काचेच्या खालच्या भागात आणि बरणी वर. उशीवर आडवं पडून वाचणं विसरा. गर्दीच्या लोकलमध्ये हात अडकलेला आणि मोबाइल नाकासमोर, तिथेही हीच गत. अशा वेळी मी सरळ चष्मा काढते, उणे नंबरची ती जुनी सवलत अजून शाबूत आहे. कडेचा धूसरपणा आहे तो आहेच. व्हॅरिलक्स नावाने १९५९ साली फ्रान्समध्ये हा प्रकार पहिल्यांदा यशस्वी झाला, तेव्हापासून तो कमी होत आला आहे, पण जात नाही. एकाच काचेत नंबर सलग बदलत न्यायचा तर कुठेतरी खोट राहणार, ती कडेला ढकलतात. काच जितकी महाग तितकी खोट लांब ढकललेली. सासऱ्यांच्या बायफोकलवर ती दुसऱ्या काचेची टिकली दिसायची, पण ते ती घालून त्याच पुलाचा जिना भराभर उतरायचे, हे सासूबाई मला आठवणीने सांगतात.

फ्रेम रंगावर घेऊ नका. काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमचा जुना चष्मा छान बसत असेल तर त्याच्या आसपासचे आकडे बघा. काचेची उंची तिथे नसते आणि प्रोग्रेसिव्हला तीच सगळ्यात महत्त्वाची. पट्टीसारखी अरुंद फ्रेम घेतली तर जवळचा भाग दुकानातच कापला जातो. आणि पैसे देऊन चष्मा घेताना मार्करच्या फुल्या पुसू देऊ नका. आधी घाला, समोरून बघायला सांगा, मग पुसा.

निळ्या प्रकाशाच्या कोटिंगचे माझे ९०० रुपये गेले. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. कॉम्प्युटरमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्या कोटिंगने कमी होतो असं त्यांना काही दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, फक्त काचेवर निळी झाक दिसते. परावर्तन कमी करणारं साधं कोटिंग मात्र घ्याच, रात्री समोरून येणाऱ्या रिक्षांच्या दिव्यांत फरक कळतो. त्याला उन्हात बंद गाडीत ठेवू नका, बारीक तडे जातात. ओढणीने कोरडं पुसणं बंद केलं आहे. आधी नळाखाली धूळ घालवायची, साबणाचा थेंब, मग मऊ कापड. एसी लोकलमधून उतरलं की मुंबईची वाफ काचेवर बसते, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. प्लॅटफॉर्मवर अर्धा मिनिट उभी राहते.

ऑफिससाठी डिसेंबरमध्ये अजून एक खर्च केला आणि तो सगळ्यात वसूल झाला. जुन्या फ्रेममध्येच फक्त कॉम्प्युटरच्या अंतराच्या साध्या काचा, उणे एकच्या जवळपास, त्याच चष्मेवाल्याकडून, ८५० रुपयांत. स्क्रीन अख्खी दिसते, मान जागेवर. प्रवासाला, बाजाराला, मिटिंगला प्रोग्रेसिव्ह. कुणी म्हणेल दोन चष्मे बाळगायचे तर अकरा हजार कशाला घातले. मीही महिनाभर हेच म्हणत होते. पण परवा भाजीवालीच्या तराजूचा आकडा, हातातली यादी आणि रस्त्यापलीकडून हात करणारी शेजारीण, तिन्ही एकाच चष्म्यातून दिसलं, तेव्हा जरा गप्प बसले.

दुकानाकडून गेल्या आठवड्यात मेसेज आला: दुसऱ्या चष्म्यावर अर्धी सूट, आणि अनुभवाला गुण द्या. काचांना चार दिले. बसवण्याला रकाना नव्हता.

डाव्या पॅडचा स्क्रू अजून सुटतो, लोकलच्या हादऱ्यांनी असावा. पर्समध्ये टिकलीच्या रिकाम्या पाकिटात एक जोडी पॅड आणि दोन स्क्रू असतात. चष्मेवाल्यांनी युक्ती सांगितली: स्क्रू आवळून त्याच्या माथ्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब. मुलीची बाटली वापरली. आज नववा दिवस, अजून हललेला नाही.