वसंताच्या उत्तरार्धातील लागवड: बी पेरावे की तयार रोप लावावे?

थंडी सरून माती हाताला कोमट लागू लागली की भाजीपाल्याची लागवड करणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे वाफ्यात थेट बी पेरणे आणि दुसरी म्हणजे रोपवाटिकेतले किंवा घरी ट्रेमध्ये वाढवलेले रोप आणून लावणे. हंगामाच्या आरंभी ही निवड फारशी अवघड नसते, कारण त्या वेळी गार आणि ओल्या मातीत उष्णताप्रेमी भाज्यांचे बी उगवण्याआधीच कुजते आणि रोपांवाचून गत्यंतर राहत नाही. वसंताच्या उत्तरार्धात मात्र माती तापलेली असल्यामुळे बियाण्याची बाजू बळकट होते, तर हंगामाचे हाताशी उरलेले दिवस कमी होत असल्यामुळे रोपाची बाजूही तितकीच जड होते. कोणत्या पिकासाठी यांपैकी कोणते कारण वरचढ आहे आणि त्या पिकाची मुळे जागा बदलणे कितपत सोसतात, एवढे पाहिले तरी बहुतेक निर्णय होऊन जातो.

टोमॅटो, मिरची आणि वांगी यांच्या बाबतीत मी नवशिक्यालाच काय, अनुभवी माणसालाही या दिवसांत रोपच घ्यायला सांगेन. टोमॅटोचे रोप लागवडीजोगे व्हायला सहा ते आठ आठवडे आणि मिरचीचे व्हायला आठ ते दहा आठवडे लागतात. त्यानंतर टोमॅटोचे पहिले फळ पिकायला जातीनुसार आणखी दोन ते तीन महिने जातात. म्हणजे आज पेरलेल्या बियाचे फळ चार-पाच महिन्यांनी हाती येणार. जिथे उन्हाळा आखूड असतो तिथे तोवर पुन्हा थंडी येऊन ठेपते. जिथे उन्हाळा कडक असतो तिथे झाड फुलावर येईपर्यंत दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास गेलेले असते आणि रात्रीही उकाडा कमी होत नाही. अशा हवेत टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुले फळ न धरताच गळून पडतात.

रोप निवडताना बहुतेकांचा हात सर्वांत उंच किंवा फुलांनी भरलेल्या रोपाकडे जातो आणि नेमकी तिथेच चूक होते. लहानशा कुंडीत फुलावर आलेल्या रोपाची मुळे अनेकदा तळाशी गुंडाळलेली असतात आणि नव्या जागेत ती पसरायला वेळ घेतात. त्यापेक्षा बुटके, जाड दांड्याचे, गर्द हिरव्या पानांचे आणि अजून कळी न धरलेले रोप काही आठवड्यांत पुढे निघून जाते. पाने उलटी करून मावा किंवा पांढरी माशी नाही ना, हेही पाहावे, कारण रोपासोबत आलेली कीड साऱ्या बागेत पसरते आणि बियाण्याच्या वाटेने हा धोका जवळपास येत नाही. सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात लावू नये. सात ते दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून त्याला ऊन-वाऱ्याची सवय करावी आणि मग संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी लावावे. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून दांड्यासह खोल पुरता येते, कारण मातीत गेलेल्या दांड्यालाही मुळे फुटतात. मिरची आणि वांगी मात्र कुंडीत होती तेवढ्याच खोलीवर लावावीत.

घेवडा, चवळी, भेंडी, मका, काकडी, भोपळा आणि दोडका यांच्याकडे वळले की पारडे पूर्ण फिरते. घेवड्याला उगवण्यासाठी साधारण १५ अंशांची आणि भेंडीला २० अंशांच्या आसपासची माती लागते. वसंताच्या उत्तरार्धात ती बहुधा मिळते आणि बी आठवड्या-दीड आठवड्यात वर येते. वेलवर्गीय भाज्यांची मुळे दुखावली तर वेल बरेच दिवस जागच्या जागी थांबतो. एकाच वाफ्यात काकडीची रोपे लावून त्याच दिवशी शेजारी काकडीचे बी पेरून पाहिले, तर पेरलेला वेल लावलेल्या वेलाला किती लवकर गाठतो हे पाहून आश्चर्य वाटते. मी या भाज्यांची रोपे विकत घेण्याला उधळपट्टीच म्हणेन. हंगाम फारच आखूड असेल तर तीन आठवड्यांचे कोवळे रोप, मातीत विरघळणाऱ्या कुंडीसह आणि मुळांना अजिबात हात न लावता लावावे.

गाजर आणि मुळा यांच्या बाबतीत तर निवडच नाही. खायचा भाग म्हणजे सोटमूळच असल्यामुळे रोप हलवले की ते फाटे फोडते किंवा वाकडे होते. मुळा चार-पाच दिवसांत उगवतो. गाजराला मात्र दोन ते तीन आठवडे लागू शकतात. त्याचे बी जेमतेम सेंटिमीटरभर खोल असते आणि वाढत्या उन्हात नेमका तोच थर सर्वांत आधी सुकतो. पेरलेल्या ओळीवर ओले गोणपाट अंथरून रोज पाहत राहावे आणि पहिला कोंब दिसताच ते काढावे. बीटचे कोवळे रोप सांभाळून हलवता येते, पण त्याचे एकेक ‘बी’ हा खरे तर अनेक बियांचा गुच्छ असल्याने थेट पेरून नंतर विरळणी करणे अधिक सोपे पडते.

लेट्यूस आणि पालक यांचा विचार करणाऱ्याला दोन्ही वाटांबद्दल सावध करावे लागते. तापलेल्या मातीत लेट्यूसचे बी झोपून राहते आणि पालकाची उगवणही घटते, म्हणून रोप लावण्याचा मोह होतो. परंतु दिवस मोठे आणि गरम होताच ते रोप पानांऐवजी फुलांचा दांडा वर काढते आणि पाने कडू होतात. दुपारी सावली देणारी जागा नसेल, तर ही पिके हवा पुन्हा गार होईपर्यंत लांबणीवर टाकणेच बरे.

सुगंधी पाल्याच्या वनस्पतींमध्ये एकच नियम चालत नाही. कोथिंबीर आणि शेपू यांना सोटमूळ असते आणि हलवले की दोन्ही रुसतात, शिवाय उष्णतेने लवकर फुलावर येतात. म्हणून त्यांचे तयार रोप घेऊ नये. धणे हलके चुरडून दोन भाग करावेत, कारण प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे पेरत जावे. बेसिल दोन्ही वाटांनी येते. उबदार मातीत बी आठवडाभरात उगवते, आणि एक रोप आणले तरी त्याची फांदी पाण्यात ठेवल्यास एक-दोन आठवड्यांत मुळे फुटून दुसरे रोप तयार होते. रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तोवर मात्र ते बाहेर ठेवू नये, पाने काळी पडतात. पार्सलीचे बी तीन आठवड्यांहून अधिक काळही अंत पाहू शकते, म्हणून तिचे लहान रोप घ्यावे; मोठे घेऊ नये, कारण तिलाही सोटमूळ असते.

पुदिना आणि रोझमेरी यांच्या बिया घेण्याच्या फंदात पडूच नये. पुदिन्याच्या जाती एकमेकींशी सहज संकरित होतात, त्यामुळे बियांपासून हवा तो वास मिळेलच असे नाही. पेपरमिंट तर वांझ संकर असल्याने ते छाटांपासून किंवा जमिनीखाली पसरणाऱ्या खोडापासूनच वाढवतात. हेच खोड पुढे सारा वाफा व्यापते, म्हणून पुदिना स्वतंत्र कुंडीत असलेला बरा. रोझमेरीची उगवण मंद आणि बेभरवशाची असते. थाइमचे बी उगवते, पण ते धुळीएवढे बारीक असते आणि वर्षानुवर्षे टिकणारे एखादेच झाड हवे असताना त्याचा खटाटोप कशासाठी?

खर्चाचा हिशेब उघड आहे. बियाण्याच्या एका पाकिटात डझनावारी झाडे आणि जातींची मोठी निवड मिळते. टोमॅटो आणि काकडीचे बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे टिकते. कांद्याचे मात्र वर्षा-दोन वर्षांत निकामी होऊ लागते. पैशांपेक्षा वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे. पेरलेल्या वाफ्याला उगवण होईपर्यंत दिवसातून एक-दोनदा हलके पाणी द्यावे लागते आणि पक्षी, मुंग्या व रोपे कुरतडणाऱ्या अळ्यांकडे लक्ष ठेवावे लागते. रोपाला लावतानाच आळे भरून पाणी दिले आणि पहिला आठवडा दुपारची सावली केली, की पुढे पाण्यात अंतर ठेवता येते. रोज बागेत जाणे शक्य नसेल, तर वाफ्याचा मोठा भाग रोपांना द्यावा.

जागा एकाच वाफ्यापुरती असेल, तर टोमॅटोची रोपे दोन फुटांवर लावून त्याच दिवशी मधल्या मोकळ्या मातीत मुळा पेरता येतो. मुळा महिनाभरात उपटायला येतो आणि टोमॅटोला त्या जागेची गरज पडते ती त्यानंतर.