घर ते आंब्याची शेड: सीपीई ५१० वायरलेस ब्रिज, होळी ते दिवाळी

घरी फायबर आहे, पण पॅकिंग शेड तीनशे मीटर खाली. मध्ये व्हाळ आणि दुसऱ्याची जागा. शिवाय साधी इथरनेट केबल शंभर मीटरपुढे भरवशाची नसते. म्हणून होळीच्या सुमारास टीपी-लिंकच्या सीपीई ५१०ची जोडी लावली, म्हणजे दोन ठिकाणं केबलशिवाय जोडणारी, समोरासमोर बसवायची दोन अँटेना-युनिटं. आता पावसाळाही निघाला आहे आणि मी मनापासून समाधानी आहे. (परवान्याचं बरेच जण विचारतात, ही युनिटं वापरतात त्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला २०१८ पासून तो लागत नाही.)

घरच्या राउटरच्या लॅन पोर्टमधली केबल पीओई (इंटरनेटच्याच केबलमधून वीज देणाऱ्या) अडॅप्टरच्या ‘लॅन’ खाचेत घालायची आणि ‘पीओई’ खाचेतली घराच्या टाकीवर बसवलेल्या युनिटला. त्याच केबलमधून २४ व्होल्ट वर जातात, त्यामुळे या दोन खाचांची अदलाबदल नको. घरचं युनिट अ‍ॅक्सेस पॉइंट (सिग्नल देणारं), शेडचं क्लायंट (तो घेणारं). दोन्हींचा नेटवर्कवरचा मूळ पत्ता १९२.१६८.०.२५४ असा एकच असतो, तेव्हा एकाचा आधीच बदलून घ्या.

खरी गोम शेडमधल्या राउटरची. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं, त्याला वेगळा पत्ता द्यायचा आणि केबल वॅन (एरवी इंटरनेट आत येतं त्या) पोर्टाऐवजी लॅन पोर्टात लावायची. मग सगळं एकच नेटवर्क होतं: शेडचे कॅमेरे घरी थेट दिसतात, शेडमधून घरच्या प्रिंटरवर बिलं निघतात. वॅनला लावलं तर इंटरनेट चालेल, पण घरून कॅमेरे सापडणार नाहीत.

पावसाचं म्हणाल तर एवढ्या अंतरावर नुसत्या सरींनी काही बिघडत नाही. बिघडवतात ती पानं. मार्चात वाटेतला साग उघडाबोडका होता, सिग्नल −५२ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). जूनमध्ये त्याला सुपाएवढी पानं फुटली, ती भिजली आणि आकडा −७० च्या पलीकडे गेला, कॅमेरे अडखळायला लागले. समोरचं युनिट नजरेला दिसणं पुरत नाही. लहरींची वाट मध्यावर फुगते, आणि या अंतराला तिथे सगळ्या बाजूंनी सुमारे दोन मीटर मोकळं लागतं. शेडकडचं युनिट ज्यावर आहे तो पाइप उंच केला, दोन फांद्या उतरवल्या, तेव्हापासून अख्खा श्रावण निर्धास्त गेला.

केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, पाणी तिथेच गळून पडतं. वळिवाच्या गडगडाटात मी दोन्ही अडॅप्टर काढून ठेवतो. लाइट जाते तिथे दोन्ही टोकांना इन्व्हर्टर हवा. युनिटला २४ व्होल्ट लागतात, त्यामुळे राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस याला चालत नाही.

पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, हातात नव्वदच्या आसपास येतं. कॅमेरे आणि ऑर्डरींना ते भरपूर आहे. तुमचा प्लॅन ३०० चा असेल आणि तो पलीकडे पूर्ण हवा असेल, तर गिगाबिट पोर्टवालं मॉडेलच घ्या.