छेत्रीनंतर नऊ नंबर कोणाला?

६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळताना भारताचा फुटबॉल कर्णधार सुनील छेत्रीच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. आणि मार्च २०२५मध्ये, चाळिशीत, त्यालाच परत बोलवावे लागले. त्याची, म्हणजे नऊ नंबरची (सर्वात पुढे राहून गोल करणाऱ्या स्ट्रायकरची) जागा भरायची तर आधी स्ट्रायकर कोणत्या जातकुळीचा हवा, हे ठरवणे भाग आहे.

पहिला पर्याय छेत्रीसारख्याच, पेनल्टी बॉक्समध्ये मोकळी जागा हुंगणाऱ्या खेळाडूचा. पण असा खेळाडू सहकाऱ्यांकडून येणाऱ्या पासच्या रसदीवर जगतो. जानेवारी २०२४मध्ये कतारमधील आशिया चषकात छेत्री संघात असूनही भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा हेडर बाहेर गेला, आणि तशी संधी पुन्हा क्वचितच आली.

दुसरा पर्याय बचावामागे धावणाऱ्या वेगवान खेळाडूचा. बलाढ्य संघ पुढे सरकून खेळतात तेव्हा तो उपयोगी पडतो. मात्र बांगलादेश किंवा मालदीवसारखे संघ अकराच्या अकरा खेळाडू मागे आणून बसले की धावायला जागाच उरत नाही. शिवाय वेग आपल्याकडे विंगवर (मैदानाच्या कडेला) आहेच. मग स्ट्रायकरच नको, असेही कोणी म्हणेल. २०१२च्या युरोमध्ये स्पेनने मिडफिल्डर फाब्रेगासला पुढे ठेवून नेहमीच्या स्ट्रायकरशिवाय अंतिम सामना जिंकला खरा, पण त्याच्या मागे झावी आणि इनिएस्तासारखे अव्वल मिडफिल्डर होते. आपण तो विचार सोडून द्यावा.

माझे मत तिसऱ्या पर्यायाला आहे: गोलाकडे पाठ करून, स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) अंगावर घेऊन चेंडू धरून ठेवणारा धिप्पाड स्ट्रायकर. २०१८च्या विश्वचषकात स्ट्रायकर जिरूने एकही गोल केला नाही, तरी दुसऱ्या सामन्यापासून फ्रान्सने त्याला बसवले नाही, कारण तो बचावपटूंना गुंतवून ठेवी आणि एम्बापे, ग्रीझमन यांना वाट मिळे. आपल्याकडे या घडणीच्या जवळ मनवीर सिंग येतो. नोव्हेंबर २०२३मध्ये कुवेतमध्ये ७५व्या मिनिटाला विंगर छांगतेच्या पासवर त्यानेच विजयी गोल केला. अडचण एवढीच, की आयएसएलमधील (इंडियन सुपर लीगमधील) बहुतेक क्लब नऊ नंबरवर परदेशी खेळाडू उतरवतात, आणि मनवीरही मोहन बागानकडून बहुधा उजव्या विंगवर खेळतो.

म्हणून उमेदवार पारखताना हंगामातील गोल नंतर मोजावेत. गोलकीपरने लांब मारलेला चेंडू, पाठीवर स्टॉपर असताना, छांगते पोहोचेपर्यंत त्याच्या पायाशी टिकतो का, हे आधी पाहावे.