व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर राहायचं कुठे? घर, निवासी केंद्र आणि सोबत्यांचं घर

डिस्चार्जची तारीख जवळ आली की घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. आता पुढे काय? वाटा साधारण तीन असतात. थेट घरी परत यायचं आणि ओपीडी, व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगा चालू ठेवायच्या. पगारी कर्मचारी असलेल्या निवासी केंद्रात आणखी काही महिने काढायचे. किंवा व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच मिळून चालवलेल्या घरात, म्हणजे सोबत्यांच्या घरात, राहायला जायचं. या तिसऱ्या वाटेची माहिती सगळ्यात कमी लोकांना असते. माझा भाऊ तिथे 14 महिने राहिला, त्यामुळे माझा कल तिकडे आहे, हे आधीच सांगते.

पण जो अजून रोज पितो आहे, त्याच्यासाठी ही तुलना नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, ताप, असंबद्ध बडबड सुरू झाली तर जिवावर बेतू शकतं. झोपेच्या काही गोळ्या अचानक बंद केल्यावरही तसंच होतं. सोबत्यांच्या घरात डॉक्टर नसतो. आधी हॉस्पिटल, मग बाकीचं.

घरी परतणं स्वस्त पडतं, मुलं डोळ्यासमोर राहतात, नोकरी सुटत नाही. पण घरात दुसरं कुणी पिणारं असेल, तर ही वाट मी सुचवणार नाही. आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात येते. बायको, आई, बहीण सगळ्या हळूहळू पोलीस होतात. तोंडाचा वास घ्यायचा, पाकिटातले पैसे मोजायचे, पाच मिनिटं उशीर झाला की फोन. मी हे केलंय. त्याने भाऊही सुधारला नाही आणि मीही झोपले नाही.

निवासी केंद्रात डॉक्टर, नर्स, समुपदेशक हाताशी असतात. सोबत गंभीर नैराश्य असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, भास होत असतील, तर तेच निवडा, यात दोन मतं नकोत. उणीव अशी, की तिथे सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. उठायचं कधी, जेवायचं कधी, फोन कधी मिळणार. तीन महिन्यांनी माणूस बाहेर येतो तेव्हा नशा सुटलेली असते, पण साधं लाइट बिल भरायची सवयही सुटलेली असते.

सोबत्यांच्या घराचा जुना आणि खूप पसरलेला नमुना म्हणजे अमेरिकेतलं ऑक्सफर्ड हाउस. 1975 मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला एक हाफवे हाउस, म्हणजे उपचारानंतर घरी जाण्याआधी काही काळ राहायची जागा, बंद पडणार होतं. तिथे राहणाऱ्या पॉल मॉलॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी तीच जागा स्वतः भाड्याने घेतली. मूळ नियम तीनच: घर मतदानाने चालेल, खर्च राहणारेच भागवतील, पुन्हा नशा केली तर घर सोडावं लागेल. नव्या माणसाला घ्यायचं तर 80 टक्के मतं लागतात, पदाधिकारी सहा महिन्यांनी बदलतात, राहण्याला मुदत नसते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार संपवलेल्या 150 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं. दोन वर्षांनी नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी सुमारे 65 टक्के पुन्हा नशा करत होते, ऑक्सफर्ड हाउसमध्ये गेलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के. म्हणजे तिथेही दहातले तीन घसरले, हेही डोळ्यासमोर ठेवा.

आकड्यांपेक्षा मला भावाची वही आठवते. घरी ज्याच्यापासून आम्ही कपाटाची किल्ली लपवायचो, त्याला त्या घराने तिसऱ्या महिन्यात खजिनदार केलं. भाडं, गॅस, वीज, प्रत्येकाची वर्गणी, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, खोडून पुन्हा लिहिलेलं. एकदा हिशोब थोड्या पैशांनी चुकला, तर रात्री दहाला त्याने मला फोन केला. चूक त्याचीच होती, बेरजेची. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ती त्याने सगळ्यांसमोर सांगितली. आमच्यापैकी कुणी त्याच्या हातात दहा वर्षांत एक पैसा दिला नव्हता.

तरीही डोळे झाकून जाऊ नका. सोबत्यांच्या हातातली सत्ता बिघडते तेव्हा फार वाईट बिघडते. 1958 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेलं सिनॅनॉन आधी व्यसनींसाठी आशेची जागा होतं. पुढे संस्थापकाचा शब्द हाच कायदा झाला, आणि 1978 मध्ये विरोधात खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत रॅटलस्नेक हा विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. म्हणून आधी तीन गोष्टी बघा: प्रमुख बदलतो का, हिशोबाची वही कुणालाही उघडता येते का, आणि ज्याला जायचंय त्याला त्याच दिवशी जाता येतं का. एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर तिथे ठेवू नका.

घसरल्यावर बाहेर काढण्याचा नियम कठोर वाटतो. बाकीच्यांना वाचवायला तो लागतो, हे मला पटलंय. पण ओपिऑइड, म्हणजे अफू-हेरॉइनसारखी नशा, घेणाऱ्याच्या शरीराची सहनशक्ती मधल्या काळात उतरलेली असते, जुनाच डोस त्याला मारू शकतो. म्हणून विचारा: त्या रात्री त्याच्यासोबत कोण जातं, कुठे नेतात, घरात नॅलोक्सोन (ओपिऑइडचा जास्त झालेला डोस उतरवणारं औषध) आहे का, ते द्यायचं कसं हे किती जणांना येतं? ओपिऑइडची ओढ आवरणारं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असेल, तर ते चालतं का हेही विचारा. 'आधी गोळ्या बंद करा, मग या' असं म्हणणाऱ्या घराच्या पायरीवरूनच परत फिरा. तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

आणि बोलायला सगळ्यात जुन्या माणसाला गाठू नका, तो घराचं कौतुकच करेल. महिन्याभरापूर्वी आलेल्याला बाजूला घ्या आणि विचारा, इथून शेवटचा गेला तो कसा गेला, आणि आता त्याला फोन कोण करतं.