करिंथकरांस पहिले पत्र: सामाजिक इतिहासातून वाचावे की मानवशास्त्रातून?

ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने इ. स. ५४ च्या सुमारास ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेले बायबलच्या नव्या करारातील हे पत्र त्या काळच्या समाजासह समजून घ्यायचे असेल, तर अभ्यासकांनी घालून दिलेल्या दोन वाटा आहेत. गेर्ड थाइसन आणि वेन मीक्स यांची वाट सामाजिक इतिहासाची असून ती शिलालेख, घरांचे अवशेष आणि पत्रांतील नावे यांच्या आधारे प्रत्यक्ष माणसांची स्थिती शोधते. ब्रूस मलिना यांची वाट मानवशास्त्राची आहे. मान-अपमान, आश्रयदाता आणि आश्रित अशी भूमध्य समुद्राकाठच्या समाजांची प्रारूपे हाती घेऊन ती मजकुराकडे वळते.

पहिल्या वाटेचे बळ अकराव्या अध्यायात दिसते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीने एकत्र करायच्या भोजनाच्या, वेळी एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो, ही पौलाची तक्रार केवळ भक्तीतील ढिलाईविषयी नाही. श्रीमंतांनी आधी आणि चांगले जेवावे, गरिबांनी उरल्यासुरल्यावर भागवावे, असा तो प्रकार असल्याचे थाइसन दाखवतात. रोमन मेजवान्यांत पाहुण्यांच्या प्रतीनुसार पदार्थ आणि मद्य वाढले जाई, याविषयी धाकटा प्लिनी या रोमन लेखकानेही नापसंती नोंदवली आहे. मराठी वाचकाला येथे पंक्तिप्रपंच आठवेल. मात्र करिंथमधील भेद सोवळ्याओवळ्याचा नसून पैशाचा आणि दर्जाचा होता, हे विसरता कामा नये.

या वाटेची अडचण अशी की मोजक्या पुराव्यांवर फार भार पडतो. स्वखर्चाने फरसबंदी करणाऱ्या एरास्त नावाच्या अधिकाऱ्याचा शिलालेख १९२९ मध्ये करिंथला सापडला. पौलाच्याच रोमकरांस पत्रातील नगराचा खजिनदार एरास्त तो हाच, असे मानले की मंडळीत एक बडा माणूस मिळतो. पण दोघे एकच असल्याचे सिद्ध झालेले नाही. जस्टिन मेगिट यांनी तर १९९८ मध्ये पौलाच्या मंडळ्यांत जवळजवळ सगळेच गरीब होते, असे मांडले.

दुसरी वाट नवव्या अध्यायात उपयोगी पडते. हक्क असूनही पौल करिंथकरांकडून मोबदला का घेत नाही, याचे एक पटण्याजोगे कारण असे की धनिकांचा पैसा घेणारा त्यांचा आश्रित ठरला असता. मात्र ही प्रारूपे बऱ्याच अंशी विसाव्या शतकात खेड्यांत जाऊन केलेल्या अभ्यासांतून आली आहेत, आणि करिंथ हे इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केल्यानंतर इ. स. पू. ४४ मध्ये वसाहत म्हणून पुन्हा वसवलेले, मुक्त झालेल्या गुलामांचा मोठा भरणा असलेले शहर होते. अशा नव्याने वसलेल्या बंदराच्या शहराला परंपरेत मुरलेल्या खेड्याचे माप लावताना माझा हात अडखळतो.

मूळ पत्राची ग्रीक भाषा न येणाऱ्या अभ्यासगटाला दुसरी वाट सोपी वाटते, परंतु तिथे उत्तर वाचनाआधीच तयार असण्याचा धोका अधिक आहे. म्हणून सुरुवात इतिहासापासून, अकराव्या अध्यायाने करावी, आणि प्रारूपे नवव्या अध्यायापाशी पोहोचल्यावर, तीही प्रश्न म्हणून, हाती घ्यावीत.