मुलुंड की बोरिवली?

मुंबईत घर घेताना मराठी कुटुंबांची गाडी बऱ्याचदा या दोन नावांवर येऊन अडते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एका अंगाला मुलुंड, दुसऱ्या अंगाला बोरिवली. उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार मात्र बोरिवलीत. सकाळी फिरायला किंवा कान्हेरी लेण्यांना जायचं तर सोय तिथल्यांचीच.

खरा फरक लोकलचा. बोरिवलीहून चर्चगेटच्या गाड्या सुटतात, त्यामुळे थोडं थांबायची तयारी असेल तर बसायला जागा मिळते. शिवाय मेट्रो २अ आणि ७ दोन्ही हाताशी. मुलुंडला बहुतेक गाड्या ठाण्यापासून किंवा त्याही मागून भरून येतात. सकाळी आठच्या सुमारास दारात पाय ठेवायला मिळाला तरी खूप. ज्याला रोज दादरच्या पुढे जायचंय, त्याने हे आधी पाहावं. नोकरी ऐरोली किंवा ठाण्यात असेल, तर मुलुंडच.

नाटकवेड्यांना मुलुंडला कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. तिथे बरोबरी.

मला विचाराल तर घरात म्हातारी माणसं असतील तर मुलुंड पश्चिमेच्या जुन्या, झाडांच्या गल्ल्या मला जास्त आवडतात. बाजार, डॉक्टर, स्टेशन, सगळं पायी.